शिरोरेषा बारीक करायची का?

नाटकाच्या नावाला स्वतःचं अक्षर असतं, हे सांगलीकराला मुद्दाम सांगावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात नाटक उभं केलं, तेव्हापासून ते वेड इथल्या पाण्यातच आहे. पुढे वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं बघत माझ्या आधीची पिढी वाढली, आणि थोडीफार मीही. त्यामुळे आमच्याकडे देखणा मथळा म्हणजे कुणीतरी हाताने काढलेला मथळा, ही समजूत पक्की.

दिवाळी अंकाला ते परवडत नाही. कथा, लेख, मुलाखती, कवितांचं पान, परिसंवाद, राशिभविष्य अशी शीर्षकं डझनांनी लागतात आणि त्यातली निम्मी शेवटच्या आठवड्यात बदलतात. लेखकाचा फोन येतो, ‘अहो, नाव जरा बदलूया का?’ हाताने काढलेलं नाव असेल तर सगळं पहिल्यापासून. म्हणून फॉन्ट लागतो. विश्रामबागेत माझं अक्षरजुळणी आणि मांडणीचं छोटं काम आहे. तिथे गेली काही वर्षं मी एका दिवाळी अंकाची पानं लावते. अंकाच्या संपादक निवृत्त प्राध्यापिका आहेत. अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही म्हणते. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं: “अगं, तुमचे मथळे एकतर लग्नपत्रिकेसारखे दिसतात नाहीतर बँकेच्या नोटिशीसारखे. मधलं काही नाहीच का?”

हे बोलताना त्यांच्या हातात एक इंग्रजी फॅशनचं मासिक होतं. मुखपृष्ठावर ‘व्होग’ किंवा ‘हार्पर्स बझार’ यांच्या नावात दिसतं तसं अक्षर. उभी रेघ भरभक्कम, आडवी रेघ केसाएवढी, आणि टोकाला धारदार पाय. असं अक्षर मोठ्या आकारात नुसतं पानावर ठेवलं तरी पान श्रीमंत दिसतं. बाईंना मराठीत तेच हवं होतं. मी हो म्हटलं.

या अक्षराची वंशावळ साधारण अशी. इंग्लंडात जॉन बास्करव्हिलने १७५७ साली व्हर्जिलच्या काव्याचं पुस्तक छापलं. त्यासाठी गुळगुळीत कागद आणि काळीभोर शाई मिळवण्यासाठी त्याने बराच खटाटोप केला. कागद नितळ झाला तसा बारीक रेघेला आधार मिळाला. पुढे पॅरिसमध्ये फिर्मँ दिदो आणि पार्मात जांबातिस्ता बोडोनी यांनी हे जाड-बारीक टोकाला नेलं. बोडोनी १८१३ साली गेला. त्याच्या अक्षरनमुन्यांचा दोन खंडांचा ग्रंथ त्याच्या पत्नीने १८१८ साली बाहेर काढला. या सगळ्यामागे तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीवकाम होतं. कोरणी हलकी चालवली की केसासारखी रेघ येते, दाबली की रुंद होते. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, पाडणाऱ्यांना त्याचाच हेवा वाटत होता.

तांब्याच्या पत्र्याचं नाव निघालं की आम्हाला मिरज आठवते. १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. म्हणजे बोडोनी पार्मात हयात असताना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर देवनागरी तांब्यावर कोरली जात होती. याचा माझ्या कामाला थेट उपयोग काही झाला नाही, पण हुरूप आला हे खरं. किर्लोस्करवाडीही आमच्याच जिल्ह्यातली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथून मासिक सुरू केलं, मग १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’. कारखान्याच्या वसाहतीतून निघणारी मासिकं महाराष्ट्रभर वाचली जात होती आणि ती काढणारा माणूस स्वतः चित्रकार होता. बाईंच्या कपाटात त्यातले काही बांधीव खंड आहेत. ते चाळताना बाई म्हणाल्या, “बघ, पान उघडलं की आधी मथळा बोलतो, मग लेखक.” मला हे थोडं नाटकी वाटलं, पण बाईंशी वाद कोण घालणार.

आधी तयार मिळतं ते वापरून पाहिलं. ‘रोझा वन’ हा मोफत मिळणारा फॉन्ट आहे, त्यात देवनागरीचं जाड-बारीक अगदी टोकाचं आहे. ज्योतिष सोनोवाल यांनी त्याची देवनागरी केली आहे. दोन शब्दांच्या ठसठशीत नावाला तो झकास दिसतो. पण तो मुळातच फार लठ्ठ. ललित लेखाच्या डोक्यावर ठेवला की लेख त्याच्याखाली दबतो. ‘तिरो देवनागरी मराठी’ मला फार आवडतो. मराठीची वळणं त्यात नीट सांभाळली आहेत. पण तो मजकुराचा फॉन्ट. साठ पॉइंटला मोठा केला की सभ्य दिसतो, आणि बाईंना सभ्य नको होतं, देखणं हवं होतं. शेवटी ठरलं की मथळ्यापुरता फॉन्ट आपणच करायचा. पूर्ण संच नाही, अंकाला लागतील तेवढी अक्षरं आणि जोडाक्षरं.

सुरुवात सगळेच करतात तशी केली. इंग्रजीचा नियम जसाच्या तसा उचलला: उभी रेघ जाड, आडवी रेघ बारीक. म्हणजे काना जाड आणि शिरोरेषा केसाएवढी. स्क्रीनवर ‘कविता’ हा शब्द पहिल्यांदा उमटला तेव्हा मीच खूश. मग ‘कारखाना’ टाइप केला. क चा दांडा, काना, ख चा दांडा, काना, न चा दांडा, काना. सहा खांब ओळीने उभे, आणि वरची शिरोरेषा इतकी पातळ की खांबांना एकत्र धरणारं काहीच उरलं नाही. बोडोनीच्या अक्षरातही उभ्या रेघा असा गजांचा पिंजरा करतात, पण इंग्रजीत मध्येमध्ये गोल अक्षरं येऊन हवा खेळते. आपल्याकडे बहुतेक व्यंजनांना दांडा आहे, वर काना आणखी वेगळा. त्यामुळे जाड उभ्या रेघेचा भार मराठी शब्दावर फारच पडतो.

खरा निकाल बाईंनी लावला. मी नमुन्याचं पान छापून दिलं होतं. त्यात सणांची नावं टाकली होती, वसुबारसेपासून ओवाळणीपर्यंत. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, “हे ‘माऊबीज’ काय आहे?”

तिथे ‘भाऊबीज’ होतं. भ आणि म यांत फरक काय? भ च्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते आणि तिथे एक लहानसं वळण असतं. ध आणि घ यांचंही तेच. शिरोरेषा ठळक असेल तर तिच्यातली मोकळी जागा डोळ्याला लगेच कळते. शिरोरेषाच केसाएवढी झाली की ती असली काय आणि तुटली काय, नजर तिकडे जातच नाही. ‘धन’चा ‘घन’ होतो, ‘भरती’ची ‘मरती’ होते. इंग्रजीत आडवी रेघ बारीक केली तर अक्षर नाजूक होतं. आपल्याकडे अक्षराची ओळखच जाते. शिरोरेषा ही सजावटीची पट्टी नाही. ती कुठे आहे आणि कुठे नाही यावर वाचन चालतं.

मग मी कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि बोरू घेतला. खरं तर हे आधीच करायला हवं, असं सगळी पुस्तकं सांगतात. पण स्क्रीनवर बसलेला माणूस सहसा उठत नाही.

बाजारात मिळणारी सुलेखनाची निबं बहुधा इंग्रजीच्या कापाची असतात. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूने तिरका कापतात. तसा कापलेला बोरू शाईत बुडवून व लिहिला की पोटाचा वरचा डावा आणि खालचा उजवा भाग जाड उतरतो, उरलेले दोन कोपरे बारीक होतात. इंग्रजीच्या लेखणीने काढलेल्या ‘ओ’मध्ये नेमकं याच्या उलट. बोडोनीने तो तिरकेपणा पुसूनच टाकला, त्याच्याकडे जाड भाग सरळ उभा आणि बारीक भाग सरळ आडवा. आपल्या बोरूत उभी रेघ जाड येते, आडवीही जाडच येते. खरी बारीक रेघ येते ती डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या दिशेने. ष च्या पोटातली तिरकी रेघ बघा, चांगल्या छापील ष मध्ये ती नेहमी नाजूक असते. ती कुणाची लहर नाही, तो बोरूचा काप आहे.

हे हाताला कळल्यावर पुढचं काम सोपं झालं नाही, पण दिशा मिळाली. बारीक रेघ शिरोरेषेत ठेवायची नाही. ती अक्षराच्या पोटात ठेवायची: व, ब, क यांच्या वाटोळ्या भागाच्या जोडणीत, ष च्या तिरप्या रेघेत, म च्या गाठीत, वेलांटीच्या चढणीत, मात्रेच्या शेपटात. शिरोरेषा कान्याच्या निम्म्याहून किंचित जाड. आकड्यांत सांगायचं तर अक्षराची चौकट एक हजार एककांची धरतात. त्यात माझा काना ११८ एककं, शिरोरेषा ६४, आणि पोटातली सगळ्यात बारीक रेघ २२. कल मात्र बोरूइतका तिरका ठेवला नाही, थोडा उभा केला. पूर्ण तिरका ठेवला की पोथीचं वळण दिसतं, पूर्ण उभा केला की परक्या घरचं वाटतं. मधला कोन डोळ्याने ठरवला. त्याला सूत्र नाही.

आता गाठी. न ची गाठ, ग ची गाठ, म आणि भ ची गाठ. बोडोनीच्या अक्षरात काही टोकांना गोल थेंब असतो. आपल्या न ला तो जन्मतःच आहे, त्यामुळे इथे दोन्ही घराणी आपोआप जुळतात. ते जुळतंय म्हटल्यावर माझा हात सुटला. मी त च्या टोकाला थेंब दिला, द च्या शेपटीला दिला, उकारालाही दिला. पान ठिपक्यांनी भरून गेलं. नंतर एकेक करून काढत गेले. न, ग यांच्यापुरताच भरीव थेंब ठेवला. म आणि भ ची गाठ मात्र पोकळ, बारीक रेघेची. हा पोकळ म मला या सगळ्या फॉन्टमध्ये सगळ्यात जास्त आवडतो. मोठ्या आकारात तो गाठीतून पांढरा कागद दाखवतो. अनुस्वार बोरूने काढला की चौकोनी कोनाचा येतो. मी गोल केला, पण किंचित कललेला. अगदी वाटोळा ठेवला तर तो छपाईचा डाग वाटतो.

सगळ्यात जास्त वेळ वेलांट्यांनी खाल्ला. पहिली वेलांटी डावीकडच्या दांड्यापासून निघते आणि अक्षराच्या डोक्यावरून पलीकडे जाते. अक्षर अरुंद असेल तर कमान लहान हवी, रुंद असेल तर मोठी. ‘दिवस’मधला दि आणि ‘क्षितिज’मधला क्षि एकाच कमानीत बसवले तर एकीकडे कमान पुढे लोंबते, दुसरीकडे अर्ध्यातच संपते. मजकुराच्या बारीक आकारात हे खपून जातं. साठ पॉइंटच्या मथळ्यात ते दात पडल्यासारखं दिसतं. म्हणून वेलांटीची वेगवेगळ्या रुंदीची रूपं करायची आणि कोणत्या अक्षराआधी कोणतं रूप यावं याचे नियम फॉन्टमध्ये लिहायचे.

खणभागात एक जुने जुळारी राहतात, खिळ्यांच्या काळापासूनचे. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांना दाखवलं तर ते हसले. “आमच्या वेळी वेलांटीचं टोक खिळ्याच्या बाहेर यायचं. दाबाखाली तुटायचं. मग तुटक्या वेलांट्या बाजूला काढून ठेवायच्या आणि मालकाला कळू द्यायचं नाही.” पुढे म्हणाले, “तुझी तुटत नाही, पण दिसते फार. जरा दाब तिला.” वेलांटीची उंची मी तिथेच कमी केली. नानांचं बाकी सगळं मत मी मानलं नाही. त्यांना निर्णयसागर या मुंबईच्या जुन्या छापखान्याचं वळण सोडून दुसरं काही आवडतच नाही, आणि त्यांना दोषही देता येत नाही. जावजी दादाजींनी १८६४ साली खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली छापखाना. तिथल्या राणोजी रावजी आरू यांनी कोरलेली अक्षरं इतकी वर्षं डोळ्यांत बसली आहेत की बाकीच्यांना पहिला गुण त्यांच्याकडूनच मिळवावा लागतो.

वेलांटीवर रफार आला की आणखी पंचाईत. अंकात ‘वार्षिक राशिभविष्य’ येणार हे माहीत होतं, म्हणून तोच शब्द भिंतीवर लावून ठेवला होता. ‘र्षि’मध्ये वेलांटीची कमान जिथे ष च्या दांड्यावर उतरते, नेमका तिथेच रफार बसतो. दोन्ही जाड ठेवले की काळा गोळा. दोन्ही बारीक ठेवले की रफार हरवतो आणि ‘वाषिक’ उरतं. उपाय असा केला की या जोडीसाठी वेगळं एकसंध रूप काढलं. कमान वर जाताना जाड, उतरताना अगदी नाजूक, आणि त्या नाजूक टोकातूनच रफाराचा आकडा उचलायचा. ‘वर्षी’, ‘मूर्ती’, ‘कीर्ती’ यांतली दुसरी वेलांटी उजवीकडच्या दांड्यावर असते, तिथे तेच काम आरशातल्यासारखं उलटं करून चाललं नाही, पुन्हा काढावं लागलं. ‘मूर्तीं’वर अनुस्वारही येतो. तेव्हा तिघं मिळून एकाच कोपऱ्यात भांडतात. तिथे अनुस्वार थोडा लहान केला.

मराठी आणि हिंदी वळणांचाही प्रश्न होता. आपला ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच म्हटलं आहे. फॉन्टमध्ये सहसा हिंदी रूप मूळ धरतात आणि भाषा मराठी निवडली तर मराठी रूप येतं. पण मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये भाषा निवडायची आठवण दहातल्या एकालाही राहत नाही. म्हणून मी मराठी रूपंच मूळ ठेवली. ‘ललित’ हा शब्द लिहून बघा. दोन ल शेजारी, चार पाकळ्या, मध्ये वेलांटी. प्रत्येक पाकळी जाडातून बारकात जाऊन दांड्याला टेकते. या एका शब्दासाठी एवढी मरमर केली त्याचं चीज झालं असं वाटतं. ‘दऱ्याखोऱ्यांत’मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र तर हिंदीत फारसा दिसतच नाही. त्याची सुरुवात थेंबाने आणि शेवट केसाएवढ्या रेघेने केला.

अंतरं लावताना एक वाद झाला. आमच्याकडे मदतीला येणारा मुलगा पुण्यात शिकून आला आहे. तो म्हणाला, “ताई, मथळ्यात अक्षरं जरा सुटी करा. परदेशी मासिकांत बघा कशी हवेशीर असतात.” इंग्रजी मोठी अक्षरं सुटी करता येतात. देवनागरीत अक्षरं सुटी केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात दोन-चार एककं घुसवूनच ठेवावी लागते, नाहीतर स्क्रीनवर सांध्याला पांढरी फट दिसते. हवा हवी असेल तर ती अक्षराच्या पोटात ठेवायची, कडेला नाही. म्हणून मी व, ब, प, म ही अक्षरं जराशी रुंद केली. तो मुलगा अजून पटलं म्हणत नाही. दोन ओळींचा मथळा असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना भिडतात. ‘कृष्णाकाठची / मुलं’ अशा जोडीत वरचा ऋकार आणि खालचा अनुस्वार जवळजवळ गप्पा मारायला लागले. अठ्ठेचाळीस पॉइंटच्या अक्षराला मी ओळींतलं अंतर बासष्ट ठेवते. त्याखाली जात नाही.

एवढं झाल्यावर कुपवाडच्या एमआयडीसीतल्या छापखान्यात चाचणी घेतली. आतली पानं ७० जीएसएमच्या मॅपलिथोवर, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या कागदावर, आणि रंगीत फर्मा, म्हणजे एकत्र छापायची रंगीत पानं, चकचकीत आर्ट पेपरवर. अठ्ठेचाळीस पॉइंटला माझी बावीस एककांची रेघ साधारण ०.३७ मिलिमीटरची होते. मॅपलिथोवर ती सुरेख उतरली, शाईने थोडी फुगली आणि उलट छानच दिसली. लेखकाचं नाव मात्र त्याच फॉन्टमध्ये अठरा पॉइंटला टाकलं होतं. तिथे रेघ ०.१४ मिलिमीटर. काही ठिकाणी ती आहे, काही ठिकाणी नाही. म ची माझी लाडकी पोकळ गाठ बुजून काळी झाली.

रंगीत फर्म्यात तर गंमतच. बाईंना मुलाखतीचा मथळा गडद तपकिरी-लाल पट्टीवर पांढऱ्यात हवा होता. म्हणजे चारही रंग भोवती छापायचे आणि अक्षराची जागा कोरी सोडायची. शाई आत पसरते आणि कोऱ्या जागेला खाते. बारीक रेघ खाल्ली की अक्षर तुटतं. शिवाय चार प्लेटांपैकी एक जरी केसभर सरकली तर पांढऱ्या रेघेच्या कडेला गुलाबी किंवा निळसर झाक येते. मशीनवरचे काका माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, मशीन बरोबर आहे. तुमचं अक्षर उपाशी आहे.”

त्यांचं बरोबर होतं. याचं उत्तर पूर्वीच्या खिळेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. ते प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरत. लहान आकाराच्या खिळ्यात बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवत, मोठ्यात खुशाल पातळ करत. एकच आराखडा हवा तेवढा लहानमोठा करायची सवय नंतरची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हार्पर्स बझार’साठी जोनाथन हेफ्लरने दिदोच्या वळणाचा फॉन्ट केला, तेव्हा त्यानेही वेगवेगळ्या आकारांसाठी वेगवेगळी रूपं काढली, म्हणजे पानावर मथळा मोठा असो की लहान, बारीक रेघ सारखीच बारीक दिसावी. मीही दुसरं रूप केलं. त्यात काना तेवढाच, पण बारीक रेघ बावीसऐवजी छत्तीस एककं. अठरा पॉइंटला ती साधारण ०.२३ मिलिमीटर भरते. लेखकांची नावं, उपशीर्षकं आणि गडद पट्टीवरचा पांढरा मथळा यांना हे दुसरं रूप, बाकी सगळीकडे पहिलं. म ची गाठ दुसऱ्या रूपात थोडी मोठी आणि उघडी केली. ध, भ यांच्या डोक्यावरची मोकळी जागाही रुंद केली, म्हणजे शाई पसरली तरी ती बुजत नाही.

मजकुरासाठी हा फॉन्ट वापरायचा नाही, हे मी मदतनीस मुलाला आणि बाईंनाही बजावलं आहे. बाईंनी एकदा विचारलंच, “कविता त्यात लावूया का, चार ओळींच्या तर आहेत.” नाही. बारा पॉइंटला हे अक्षर डोळ्यात टोचतं. कविता वाचायची असते.

अंक शेवटच्या टप्प्यात असताना एका लेखकाने नेहमीप्रमाणे शीर्षक बदललं. नवं शीर्षक ‘वाङ्मयीन वादांचा हिशेब’. आणि ङ मी काढलेलाच नव्हता. अंकाला लागेल तेवढंच काढायचं ठरलं होतं, आणि आमच्या अंकाला ङ लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मुलगा म्हणाला, “ङ चा पाय मोडून टाकूया, पुढे म.” बाई फोनवरच कडाडल्या, “मथळ्यात पायमोडका ङ? जमणार नाही. जोडाक्षर हवं.” रात्री बसून काढलं. वर ङ, खाली लहान म. खालच्या म ला शिरोरेषा नसते, त्यामुळे तो ङ च्या पोटातून फुटल्यासारखा दिसायला हवा, खाली चिकटवल्यासारखा नाही. ड चं वाटोळं जिथे बारीक होतं तिथूनच म चा दांडा उतरवला. ओळ खाली फार उतरते म्हणून या एका मथळ्याला ओळींतलं अंतर थोडं वाढवलं. सकाळी प्लेट गेली.

ङ्म अजून मला पूर्ण पटलेला नाही. ठिपका जरा उजवीकडे आणि थोडा खाली हवा, आत्ता तो डच्या पोटाला फार चिकटलाय. पुढच्या अंकाच्या आधी तो सुधारायचा आहे, आणि त्याच बैठकीत ञ पण काढून ठेवते, कारण लेखकांचं काही सांगता येत नाही.